कुंपणाआडचे आरोग्य

पावसाळा ओसरू लागला, की नाशिकच्या सुस्थित घरांत दिवाळीच्या सहलींची पत्रके येऊ लागतात. एके काळी या पत्रकांत काशी-रामेश्वर असे, पुढे सिंगापूर आणि थायलंड आले, आता आफ्रिका आली आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार, त्यांचे वरिष्ठ अधिकारी, विक्रीचे उद्दिष्ट पुरे केल्याबद्दल कंपन्यांनी बक्षीस म्हणून परदेशी नेलेले वितरक हा या नव्या तीर्थयात्रेचा ग्राहकवर्ग आहे. त्याच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील ज्या अभयारण्यांची शिफारस केली जाते, त्यांच्या वर्णनात सिंह, हत्ती आणि गेंडा यांच्या बरोबरीने, किंबहुना कित्येकदा त्यांच्याही आधी, एक शब्द येतो : ‘मलेरियामुक्त’. लहान मुलांना निःशंक आणा, प्रतिबंधक गोळ्यांची कटकट नाही, रात्री व्हरांड्यात बसून खुशाल चांदणे पाहा, असे आश्वासन त्या एका शब्दात सामावलेले असते.

याच आठवड्यांत अंबड गावठाण, दत्तनगर, चुंचाळे या भागांतील दहा बाय दहाच्या खोल्यांत तापाचे रुग्ण निपचित पडलेले असतात. हिवताप नाशकात आता फारसा उरलेला नाही, ही गोष्ट खरी. परंतु त्याच्या जागी डेंग्यू आणि चिकुनगुनिया येऊन बसले आहेत, आणि २०२४ च्या पावसाळ्यात डेंग्यूची जी मोठी साथ शहरात पसरली तिची आठवण अजून ताजी आहे. डास वेगळा, जंतू वेगळा. पण ताप ज्याच्या घरात शिरतो त्याचा खाडा पडतो, आणि खाडा पडला की मजुरी बुडते. एकाच वसाहतीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या दोन माणसांपैकी एकाने तापापासूनची मुक्ती सात हजार किलोमीटरच्या आतबाहेर अंतरावर जाऊन चार दिवसांसाठी विकत घ्यावी आणि दुसऱ्याला ती कारखान्याच्या भिंतीलगतही मिळू नये, या विसंगतीचे अर्थशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथमच एक खुलासा करणे इष्ट. सहलीला जाणे हा अपराध नव्हे, आणि आपल्या पाच वर्षांच्या लेकराला हिवतापाच्या प्रदेशात नेऊ नये असे वाटणाऱ्या आईची भीती तर मुळीच हास्यास्पद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे मेली. यांतले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार बळींपैकी तीन पाच वर्षांखालील मुले. नाशिकच्या आईला जे भय चार दिवसांपुरते वाटते ते मोझांबिकच्या आईला वर्षाचे बाराही महिने सोसावे लागते. तेव्हा वाद त्या भयाशी नाही. जी गोष्ट सर्वांची असल्याशिवाय कोणाचीच नीट असू शकत नाही तिला तिकीट लावणाऱ्या व्यवस्थेशी हा वाद आहे.

दक्षिण आफ्रिकेतील ही क्षेत्रे हिवतापापासून मुक्त का आहेत? पत्रक वाचणाऱ्याची अशी समजूत होते, की मालकाने काही खर्च केला असेल, फवारणी केली असेल, डासांचा बंदोबस्त केला असेल. वस्तुतः ही बहुतांशी निसर्गाची देणगी आहे. त्या देशात हिवताप ईशान्येकडील सखल व उष्ण पट्ट्यात आहे; लिम्पोपो व पुमलांगा प्रांतांचा सखल भाग आणि क्वाझुलू-नाताळचा उत्तर कोपरा एवढाच त्याचा प्रदेश. प्रख्यात क्रूगर उद्यान याच पट्ट्यात येते. वॉटरबर्गचे डोंगर, पिलानेसबर्ग आणि माडिक्वे हे उंचावरचे कोरडे प्रदेश किंवा ईस्टर्न केपचा दक्षिणेकडील थंड प्रदेश या पट्ट्याबाहेर पडतात. तिथल्या हिवाळ्यात डासाच्या पोटातला जंतू वाढू शकत नाही. म्हणजे जी गोष्ट कोणीही निर्माण केलेली नाही तिचा भाव लावून ती विकली जाते. रिकार्डोने जमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडला त्याचे याहून निर्भेळ उदाहरण शोधून सापडायचे नाही : सुपीकतेच्या जागी थंडी घाला, सिद्धान्त तसाच्या तसा लागू होतो.

परंतु निसर्गाने आखलेली ही सीमारेषाही आपोआप टिकलेली नाही. १९३० च्या आगेमागे हिवतापाच्या साथी आतल्या भागात प्रिटोरियापर्यंत येत असत, आणि १९३२ च्या साथीत नाताळ व झुलूलँडमध्ये वीस हजारांवर माणसे मेली. उसाच्या ज्या मळ्यांतून ही साथ फिरली त्यांची पायाभरणी हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी केली होती, हे गांधीजींचे चरित्र वाचलेल्यांना सांगायला नको. पुढे सरकारी खर्चाने घरोघर फवारणी सुरू झाली, आणि तेव्हापासून हिवताप त्या ईशान्य कोपऱ्यात मागे रेटला गेला. आज खासगी अभयारण्याचा मालक ज्या ‘मुक्ती’ची जाहिरात करतो तिच्या पाठीशी निसर्गाबरोबरच सार्वजनिक तिजोरी आणि पाठीवर पंप घेऊन झोपडीझोपडीत शिरलेला सरकारी फवारणी-कामगार उभा आहे. पत्रकात त्याचे छायाचित्र नसते.

आता ही जमीन मालकाकडे आली कशी तेही पाहिले पाहिजे, कारण मलेरियामुक्त होण्यापूर्वी ती माणसांपासून मुक्त केली गेली आहे. ईस्टर्न केपमधील शामवारीसारखी खासगी अभयारण्ये ज्या टापूत आहेत त्या झूरवेल्डमधून १८११-१२ मध्ये इंग्रज सैन्याने सुमारे वीस हजार खोसा लोकांना फिश नदीपलीकडे हाकलून दिले आणि १८२० पासून तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांना आणून बसवले. शंभर वर्षांनी, १९१३ च्या जमीन कायद्याने आफ्रिकन बहुसंख्येच्या वाट्याला देशाच्या जमिनीपैकी जेमतेम सात टक्के ठेवली; १९३६ मध्ये ते प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्यात आले. वर्णद्वेषी राजवट जाऊन दोन तपे होत आली असताना, २०१७ च्या सरकारी जमीन-तपासणीत असे आढळले, की व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के अजूनही गोऱ्यांच्या हाती आहे आणि आफ्रिकनांच्या हाती अवघी चार टक्के.

या प्रक्रियेतला एक कायदा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. १९९१ मध्ये, म्हणजे वर्णद्वेषी राजवटीच्या अखेरच्या काळात, तिथे वन्यप्राण्यांच्या चोरीविषयी एक कायदा झाला. त्याअन्वये ज्याने आपल्या जमिनीला पुरेसे कुंपण घातले आहे त्याची त्यावरील वन्यप्राण्यांवरील मालकी पक्की झाली; प्राणी कुंपण ओलांडून गेला तरी मालकी जात नाही. रोमन कायद्यापासून जगभर चालत आलेली कल्पना अशी, की रानातले जनावर कोणाचेच नसते. ती कल्पना मोडल्याबरोबर हरिण, म्हैस, गेंडा, सिंह हे सारे भांडवल झाले आणि त्या देशात आज अशी सुमारे नऊ हजार खासगी वन्यप्राणी-क्षेत्रे असल्याचा अंदाज आहे. गुराढोरांच्या शेतीपेक्षा हा धंदा किफायतशीर ठरला, तेव्हा गोऱ्या शेतमालकांनी मेंढ्या विकल्या आणि जिराफ आणले. मेंढ्यांबरोबर मेंढपाळही नको झाले. पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यांवर राहिलेल्या मजूर-कुटुंबांना गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत जावे लागले. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत, म्हणजे मंडेलांच्या मुक्त दक्षिण आफ्रिकेत, शेतमळ्यांवरून हुसकावल्या गेलेल्यांची संख्या नऊ लाखांवर असल्याचे एका देशव्यापी पाहणीत दिसले. ही सगळी माणसे जिराफांसाठीच हलवली गेली असे नव्हे. पण काही निश्चितपणे त्यासाठीच हलवली गेली, आणि पर्यटकाला जी ‘अस्पर्श निसर्गा’ची भूल पडते ती त्यांच्या रिकाम्या झालेल्या अंगणात पडते.

माडिक्वेचे उदाहरण थोडे निराळे, आणि प्रामाणिकपणासाठी तेही सांगितले पाहिजे. हे क्षेत्र प्रांतिक सरकारचे आहे. १९९१ मध्ये मोडकळीला आलेल्या गुरांच्या कुरणांवर ते उभारले गेले, पुढील सहा-सात वर्षांत आठ हजारांवर प्राणी बाहेरून आणून सोडण्यात आले, निवासस्थाने खासगी कंपन्यांना चालवायला दिली गेली, आणि शेजारच्या गावांना उत्पन्नात वाटा देण्याचे धोरण ठरले. लेकगोफुंग या गावाच्या मालकीचे एक निवासस्थान तर तिथे खरोखरच आहे. पर्यटनाने रोजगार मिळतो, ही गोष्टही कोणी नाकारू नये. परंतु ज्याच्या दारात हिवताप नाही अशा शंभर माणसांना आचारी, वाटाड्ये आणि सफाई-कामगार म्हणून काम मिळाले, तर ज्याच्या दारात हिवताप आहे त्याच्या मुलाचा ताप उतरत नाही. किंबहुना पर्यटकाचा पैसा हिवतापाच्या पट्ट्याकडून मलेरियामुक्त पट्ट्याकडे वळवणे हीच तर या जाहिरातीची सारी करामत आहे. ज्या प्रदेशाला रोगनिर्मूलनासाठी उत्पन्नाची सर्वांत जास्त निकड, तोच प्रदेश ‘धोक्याचा’ म्हणून टाळला जातो.

ही कल्पना नवी नाही. तिचे कूळ पाहण्यासारखे आहे. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून काढला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच लंडनच्या रॉयल सोसायटीने स्टीफन्स आणि ख्रिस्टोफर्स या दोन डॉक्टरांना पश्चिम आफ्रिकेत पाठवले. त्यांना असे आढळले, की तिथल्या आफ्रिकन मुलांच्या रक्तात हिवतापाचे जंतू सर्रास आहेत. या शोधातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. मुलांवर उपचार करा आणि डबकी बुजवा, हा एक. मुलांपासून दूर राहा, हा दुसरा. त्या दोघांनी दुसऱ्याची शिफारस केली. त्यानुसार सिएरा लिओनमधील फ्रीटाउन शहराबाहेर टेकडीवर, १९०४ मध्ये, केवळ युरोपियनांसाठी ‘हिल स्टेशन’ नावाची वसाहत बांधण्यात आली. साहेबांना खालच्या कचेऱ्यांत ने-आण करण्यासाठी सरकारी खर्चाने खास डोंगरी रेल्वेही काढण्यात आली. त्याच वेळी लागोसचा गव्हर्नर विल्यम मॅकग्रेगर, जो स्वतः डॉक्टर होता, त्याने मात्र अशी वेगळी वस्ती करण्यास विरोध केला आणि सर्वांसाठी क्विनाइन व पाण्याचा निचरा यांवर भर दिला. साम्राज्यशाहीच्या नोकरीत राहूनही माणसाला शहाणपण सुचू शकते, याचे हे दुर्मिळ उदाहरण म्हणून नोंदवून ठेवायला हरकत नाही.

एक टेकडीचा मार्ग आणि एक निचऱ्याचा मार्ग. गेली सव्वाशे वर्षे सार्वजनिक आरोग्याचा सारा वाद या दोन मार्गांमधला आहे, आणि आजचे मलेरियामुक्त खासगी अभयारण्य हे फ्रीटाउनच्या टेकडीचेच पणतवंड आहे. फरक एवढाच, की तेव्हा कातडीचा रंग पाहून प्रवेश मिळे, आता बँकेतील शिल्लक पाहून मिळतो, आणि त्यामुळे काळ्यासावळ्या कातडीच्या नाशिककरालाही तो मिळू लागला आहे. याला काही लोक प्रगती म्हणतात.

या कथेला एक वऱ्हाडी धागाही आहे. शहरांत हिवताप पसरवणारा जो अ‍ॅनाफिलिस जातीचा डास आहे, त्याचे शास्त्रीय वर्णन लिस्टन या डॉक्टरने १९०१ मध्ये आपल्या एलिचपूरला, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला, पकडलेल्या डासांवरून केले आणि वर उल्लेखिलेल्या स्टीफन्सच्या नावावरून त्याला ‘स्टीफेन्सी’ हे नाव दिले. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचे हौद ही त्याची आवडती जागा. मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून बेंटलीने १९११ मध्ये ज्या विहिरींकडे बोट दाखवले त्या याच डासाच्या. हा आपल्याकडचा डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावरील जिबुती या बंदरात सापडला, आणि तेव्हापासून इथियोपियासह अनेक देशांच्या शहरांत तो पसरत चालला आहे. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांतला होता. तो शहरात नेण्याचे काम आता अचलपूरचा डास करत आहे. ज्या स्टीफन्सने काळ्या मुलांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला, त्याच्याच नावाचा डास सीमा, समुद्र आणि टेकड्या ओलांडून निघाला आहे. कुंपण घालून रोग थोपवता येईल असे मानणाऱ्यांना इतिहासाने याहून उघड उत्तर द्यायचे ते काय?

निचऱ्याचा मार्ग किती दूर नेतो हे पाहायचे तर फार लांब जाण्याचे कारण नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा तेव्हाचा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि साठीच्या दशकाच्या मध्यावर रुग्णांची नोंदलेली संख्या एक लाखाच्या घरात येऊन मृत्यू जवळजवळ थांबले. आज सत्तरी उलटलेल्या कोणाही ग्रामीण माणसाला विचारावे. खाकी कपड्यांतला ‘मलेरियावाला’ दर पंधरा दिवसांनी दारात येई, कोणाला ताप आहे का म्हणून विचारी, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या देई. फवारणीची टोळी आली की पाटलाच्या वाड्याच्या आणि महारवाड्यातील झोपडीच्या भिंतीवर सारखेच औषध मारले जाई, आणि दाराशेजारी साच्याने अक्षरे उमटवून तारीख लिहिली जाई. ज्या गावात पाणवठा एक नव्हता त्या गावात फवारणीचा पंप एक होता. डासाला जात कळत नाही म्हणून सरकारलाही तेवढ्यापुरती ती विसरावी लागली! गरीब, नुकताच स्वतंत्र झालेला, अन्नधान्यासाठी परदेशाकडे तोंड वेंगाडणारा देश हे करू शकला.

आणि मग त्यानेच ते विसकटले. यश आले असे समजून दक्षता ढिली पडली, परदेशी मदत आटली, कीटकनाशकाचा पुरवठा वेळेवर होईना, डास औषधाला दाद देईना, शहरांतील हिवतापाकडे मुळातच दुर्लक्ष झालेले होते. घरोघर फिरणाऱ्या माणसावर पुढे दहा निराळी कामे टाकण्यात आली. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांच्या वर गेली. आता ती पुन्हा खाली आली आहे हे खरे. पण महाराष्ट्रात हिवताप कोठे उरला ते पाहावे. एक गड गडचिरोलीच्या माडिया-गोंडांच्या पाड्यांत, दुसरा मुंबईतल्या बांधकामांवर आणि झोपडपट्ट्यांत. ज्यांचा आवाज मंत्रालयात पोचत नाही त्यांच्यापाशीच तो नेमका थांबला आहे.

श्रीलंकेचा अनुभव तर याहून बोलका. १९६३ साली तिथे वर्षभरात हिवतापाचे अवघे सतरा रुग्ण आढळले. फवारणी थांबवली गेली, आणि पाच-सहा वर्षांत संख्या पाच लाखांवर गेली. त्या देशाने त्यातून धडा घेतला. पुढे यादवी युद्धाच्या काळातही हिवतापाचे काम चालू राहिले, मोफत दवाखान्यांचे जाळे टिकवले गेले, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संपूर्ण श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. २०२१ मध्ये चीनला ते मिळाले, २०२४ मध्ये इजिप्तला. या देशांत हिवतापापासूनची मुक्ती शेतमजुराला मिळते, भिकाऱ्याला मिळते, आणि वाट चुकलेल्या पर्यटकालाही फुकट मिळते.

खुद्द दक्षिण आफ्रिकेलाही हे कळून चुकलेले आहे. १९९६ मध्ये डीडीटी बंद करून दुसरे औषध वापरायला घेतल्यावर, त्या औषधाला न जुमानणारा डास मोझांबिककडून पुन्हा शिरला आणि २००० साली रुग्णांची संख्या ६४ हजारांवर गेली. डीडीटी परत आणावे लागले, नवे औषधोपचार सुरू झाले. पण निर्णायक पाऊल निराळेच होते. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि स्वाझीलँड या तीन देशांनी लुबोम्बो पट्ट्यासाठी करार केला, आणि युद्धाने कंगाल झालेल्या दक्षिण मोझांबिकमध्ये सीमेपलीकडे फवारणी सुरू झाली. या साऱ्याच्या जोडीने २००५ पर्यंत दक्षिण आफ्रिकेचे रुग्ण आठ हजारांच्या आत आले. करारामागे पर्यटनवाढीचा हेतूही होता, असू द्या. शेजाऱ्याची झोपडी फवारल्याखेरीज आपला बंगला सुरक्षित नाही, हे व्यापारी बुद्धीलाही पटले, हे महत्त्वाचे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निधी संपला, मोझांबिकमधील काम मिटले, आणि तिथे ताप पुन्हा वाढला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा आफ्रिकेतील हिवतापविरोधी कामाला जो हिसका बसला, तो याच कथेचा पुढचा अध्याय आहे.

पुण्यात तयार होणाऱ्या हिवतापाच्या लसीचाही येथे हिशेब मांडावा. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आर-२१ ही लस २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. एका मात्रेची किंमत चार डॉलरच्या आत. एका मुलाला चार मात्रा, म्हणजे सोळा डॉलर. खासगी अभयारण्यातील निवासाचा दर माणशी रात्रीला काही शेकडो डॉलर असतो. तो सहाशे धरला तर चौघांच्या कुटुंबाच्या तीन रात्रींच्या भाड्यात साडेचारशे आफ्रिकन मुलांच्या लसीची किंमत निघते. सहल रद्द करून लस वाटा, असे सांगण्यासाठी हा हिशेब नाही. दानधर्माने हिवताप जात नाही, करांनी जातो. मुक्तीची जी किंमत धनिक एका आठवड्यासाठी खळखळ न करता मोजतो, तिच्या तुलनेत सर्वांच्या मुक्तीची किंमत किती क्षुल्लक आहे एवढेच त्यातून दिसावे.

आणि आता अंबडकडे परत यायचे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला पाणी ठराविक वेळीच येते म्हणून खोलीखोलीत पिंपे आणि बादल्या भरलेल्या असतात. ही पिंपे झाका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असा उपदेश कामगाराच्या बायकोला केला जातो, प्रसंगी दंडही होतो. एका खोलीत सहा माणसे, बाहेर सामाईक मोरी, आणि दुसऱ्या दिवशी पाणी येईल याची खात्री नाही. पिंप ओतून कोरडे करायचे म्हणजे त्या दिवशी तहानेलेच राहायचे! दुसरीकडे बांधकामांवरचे हौद, कारखान्यांच्या आवारातील भंगार, टायर आणि पत्र्यांवरचे पाणी यांची तपासणी तितक्या उत्साहाने होताना दिसत नाही. शहरातली डासांची फवारणी ठेक्याने दिली जाते. धूर सोडणारी गाडी गल्लीतून गेल्याचे समाधान मिळते, पण प्रौढ डास मारणाऱ्या त्या धुराने पिंपातली अळी मरत नाही, हे कीटकशास्त्राच्या पहिल्या धड्यातले ज्ञान आहे.

ताप आला की कंत्राटी कामगाराचे काय होते? कामगार विमा योजनेत आजारपणाचा लाभ सरासरी वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आहे. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि आजाराचे पहिले दोन दिवस सहसा हिशेबात धरले जात नाहीत. ज्याचा ठेकेदार तीन-चार महिन्यांनी बदलतो त्याचे ७८ दिवस भरणार केव्हा? मग सातपूरचे विमा रुग्णालय ओलांडून तो कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात जातो, सलाइन लावून घेतो, प्लेटलेट मोजून घेतो, आणि महिन्याच्या पगाराएवढे कर्ज करून चौथ्या दिवशी अशक्त अंगाने यंत्रासमोर उभा राहतो. कारखानदाराला याची झळ कशी लागणार? गेटवर दुसरा माणूस उभाच असतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये असे दाखवले, की एखादी संस्था बिघडू लागली म्हणजे तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे, किंवा आवाज उठवणे. ज्यांचा आवाज मोठा तेच जर आधी बाहेर पडले, तर मागे राहिलेल्यांसाठी ती संस्था कायमची सडते. नाशिकचा वजनदार वर्ग नगरपालिकेच्या दवाखान्यातून केव्हाच बाहेर पडला, नळाच्या पाण्यातून बाहेर पडला, मुलांच्या सरकारी शाळेतून बाहेर पडला. खिडक्यांना जाळ्या, गच्चीवर पाण्याची टाकी, आजारपणाला खासगी विमा आणि सुट्टीला मलेरियामुक्त जंगल अशी त्याची बहिर्गमनाची वाट पुरी झाली आहे. ज्याला डासांचा त्रासच उरला नाही तो डासांबद्दल आयुक्तांना जाब कशाला विचारील? डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि शेजारच्या खोल्यांतून उडत बंगल्यातही येतो, तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांत आरडाओरडा होतो. बंगल्यातला रुग्ण बरा होऊन घरी आला की तो थंडावतो.

म्हणून अंबडमधील कार्यकर्त्यांनी दिवाळीच्या पत्रकांवर चिडण्यात वेळ घालवू नये. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी वसाहतीसाठी गेल्या आणि ज्यांची मुले आता खोल्या भाड्याने देतात, त्यांना आणि त्या खोल्यांत राहणाऱ्या वऱ्हाडी, खानदेशी, उत्तर भारतीय कामगारांना एकाच मागणीवर एकत्र आणता येईल. अळीनाशकाची फवारणी ठेकेदाराच्या माणसांकडून काढून महापालिकेने कायम नोकरीतील कामगारांकडून करून घ्यावी. कारखान्यांचे आणि बांधकामांचे हौद आधी तपासावेत, खोलीतले पिंप नंतर. ज्या भागात रोज पाणी देता येत नाही त्या भागात दंड करू नये. ठेकेदार बदलला तरी विम्याचे दिवस सलग धरले जावेत, आणि ते धरले जातात की नाही हे युनियनने दर महिन्याला पाहावे. आणि तपासणीचा माणूस येऊन गेल्याची तारीख, साठ वर्षांपूर्वी लिहिली जात असे तशी, प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी ठळक अक्षरांत लिहिली जावी. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर पंधरा दिवसांनी चुंचाळ्यापासून दत्तनगरपर्यंत दारोदार फिरून त्या तारखा वहीत उतरवून घेता येतील, आणि ज्या दारांवर तारीख नसेल त्यांची यादी घेऊन आयुक्तांच्या कचेरीत जाता येईल.